अनुदान आणि लोकवर्गणी

गांवाला विहीर हवी असते, वस्तीला रस्ता हवा असतो, पेठेंतील वाचनालयाला छप्पर हवें असतें. अशा वेळीं पहिला प्रश्न निघतो तो हा, कीं पैसा कोणी द्यावयाचा? सरकारनें द्यावा, हें एक उत्तर. चार धनिकांचे उंबरठे झिजवावे, हें दुसरें. तिसरें उत्तर क्वचितच ऐकूं येतें. ज्यांचें काम त्यांनीं आपला वांटा अगोदर काढून ठेवावा आणि उरलेल्या रकमेची मागणी करावी, असें तें आहे. सार्वजनिक कामांच्या अनुदानाचा इतिहास चाळला, तर या तिसऱ्या उत्तराचें महत्त्व ध्यानांत येतें.

अनुदान म्हणजे निव्वळ दान नव्हे. 'अनु' या उपसर्गांत मागून येण्याचा अर्थ आहे. अगोदर कोणीतरी पाऊल टाकावें आणि त्यामागून मदत यावी, हा भाव त्या शब्दांतच वसत आहे. हा भाव बडोदें संस्थानांत व्यवहारांत उतरलेला दिसतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ सालीं तो साऱ्या संस्थानाला लागू केला. परंतु शाळा सोडलेल्या मुलाच्या हातीं पुस्तक राहिलें नाहीं, तर शिकलेलें अक्षर पुसून जातें. म्हणून १९१० सालीं महाराजांनीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून स्वतंत्र ग्रंथालय खातें उभारलें.

या खात्याचा नियम सोपा होता. गांवच्या लोकांनीं ग्रंथालयासाठीं वर्षाकांठीं जितकी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीनें, म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक मंडळानें, द्यावी आणि तितकीच सरकारनें द्यावी. गांवच्या ग्रंथालयापुरती या मदतीची मर्यादा १०० रुपयांची होती. इमारत बांधावयाची झाली तरी एक तृतीयांश खर्च लोकांकडे असे. तीन पायांच्या तिवईचा एक पाय गांवकऱ्यांच्या अंगणांत रोवलेला असल्यामुळें ती कोणा एकाच्या मर्जीवर उभी नव्हती. ज्यानें रुपया दिला तो माणूस ग्रंथालय वेळेवर उघडतें कीं नाहीं हें विचारणारच. जेथें कोणाचाच रुपया नाहीं, तेथें विचारणाराही कोणी नाहीं.

त्याच सुमारास सातासमुद्रांपलीकडे अँड्र्यू कार्नेगी हा पोलादाचा व्यापारी अशाच विचारानें आपली संपत्ति वांटीत होता. १८८३ सालीं स्कॉटलंडमधील डनफर्मलिन या त्याच्या जन्मगांवीं त्याच्या देणगीचें पहिलें ग्रंथालय उघडलें. पुढें जगांत अशीं अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयें उभीं राहिलीं. त्याची अट अशी असे, कीं जागा गांवानें द्यावी आणि देणगीच्या एक दशांश इतकी रक्कम दरवर्षीं करांतून ग्रंथालयाच्या चालू खर्चासाठीं राखावी. कित्येक गांवांना ही अट जड वाटली व त्यांनीं देणगी नाकारली. परंतु अटीमागील हिशेब खरा होता. इमारत एकदां बांधावी लागते. दिवा, झाडलोट आणि ग्रंथपालाचा पगार यांचा खर्च मात्र दर महिन्याला उभा राहतो.

आजच्या काळीं गांवाच्या कामासाठीं पैसा येण्याच्या वाटा पूर्वीपेक्षां कितीतरी अधिक आहेत. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजीं अंमलांत आली आणि पंचायतींना घटनेचा आधार मिळाला. चौदाव्या वित्त आयोगाचें २०१५ ते २०२० या काळांतील अनुदान थेट ग्रामपंचायतींसाठींच होतें. पंधराव्या आयोगानें २०२१-२२ ते २०२५-२६ या पांच वर्षांसाठीं देशांतील ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यांतील ६० टक्के रक्कम बंधित ठेविली. तिचा अर्धा भाग स्वच्छतेसाठीं व अर्धा पिण्याच्या पाण्यासाठीं आणि जलसंचयासाठीं. उरलेले ४० टक्के गांवाच्या निकडीप्रमाणें खर्चावे, मात्र पगार व कचेरीचा खर्च त्यांतून भागवूं नये, असा दंडक घातला. याखेरीज १९९३ सालापासून खासदारांचा स्थानिक विकास निधि आहे. त्यांत खासदारानें काम सुचवावयाचें आणि जिल्हा प्रशासनानें तें मंजूर करावयाचें असतें. वाचनालयांना महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वयें वर्गवारीप्रमाणें अनुदान मिळतें, तर १९७२ सालीं स्थापन झालेलें राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान पुस्तकें, फर्निचर आणि इमारत यांसाठीं साहाय्य करतें.

वाटा पुष्कळ असल्या तरी त्या चालण्याची रीत बहुतेक सारखीच आहे. प्रथम गरज ठरवावी, आणि ती चार पुढाऱ्यांच्या ओटीवर न ठरवितां ग्रामसभेंत ठरवावी. महाराष्ट्रांत वर्षांतून किमान चार ग्रामसभा घेणें कायद्यानें बंधनकारक आहे. सभेचा ठराव झाला, कीं जागा कोणाच्या मालकीची आहे तें सात-बाराच्या उताऱ्यावरून पाहावें. पुष्कळ चांगलीं कामें जागेच्या तंट्यांत अडकून पडतात. मग जाणत्या अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्यावें. तांत्रिक मंजुरी आणि प्रशासकीय मंजुरी यांचा आधार तेंच असतें. काम पुरें झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर पाठवावें. मागील पैशाचा हिशेब दिल्यावांचून पुढील पैशाची अपेक्षा करणें व्यर्थ होय.

येथें एक आक्षेप निघतो आणि तो न्याय्य आहे. लोकवर्गणीची अट घातली, तर सधन गांव चटकन पैसे भरून मदत मिळवील आणि ज्या गांवाला मदतीची खरी निकड आहे तें मागें राहील. दुष्काळानें पिचलेल्या वाडीनें वर्गणी आणावी कोठून? बडोद्यानें याचा विचार केला होता. जेथें ग्रंथालय नव्हतें तेथें पुस्तकांच्या लांकडी पेट्या पाठविल्या जात, आणि त्यांच्या वाहतुकीचें भाडेंही संस्थानच भरी. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्येंही गांवांतील नळयोजनेच्या खर्चाचा १० टक्के वांटा गांवानें द्यावा असें ठरलें. परंतु डोंगराळ व वनप्रदेशांतील, तसेंच अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून अधिक असलेल्या गांवांसाठीं तो ५ टक्क्यांवर आणला. शिवाय हा वांटा पैशांत, वस्तूंत किंवा श्रमांतही देण्याची मोकळीक ठेवली. वांटा लहान असला तरी चालेल, पण ज्याचें काम त्याचा हात त्याला लागलेला असावा, हें तत्त्व यांत सोडलेलें नाहीं.

खरी कसोटी पुढेंच लागते. नळाला पाणी आलें, छायाचित्रें निघालीं, हारतुरे झाले. दोन वर्षांनीं पंप बिघडतो, विजेचें देणें थकतें, पाणीपट्टी कोणी भरीत नाहीं, आणि बायका पुन्हा जुन्याच विहिरीकडे चालूं लागतात. तेव्हां दोष अनुदानाला दिला जातो. वस्तुतः देखभालीचा विचार पहिल्याच ग्रामसभेंत झाला पाहिजे होता. महिन्याची पट्टी किती, ती गोळा कोण करणार, किल्ली कोणाच्या हातीं राहणार, हे प्रश्न अंदाजपत्रकाइतकेच महत्त्वाचे आहेत. जी सभा ते विचारीत नाहीं ती आपल्याच बायकांच्या डोक्यावरील हंडा उतरवून पुन्हा चढविते.

शहरांत स्थिरावलेल्या सुशिक्षित कुटुंबांचें गांवाशीं नातें बहुधा देवळाच्या जीर्णोद्धारापुरतें व उत्सवाच्या वर्गणीपुरतें उरलेलें असतें. तें वाढवितां येईल. ग्रामसभेंत मत देण्याचा अधिकार गांवच्या मतदारांचा आहे आणि तो त्यांचाच राहावा. परंतु ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा आतां सरकारी संकेतस्थळावर कोणालाही वाचतां येतो. सुटींत गांवीं गेलेल्या मंडळींनीं तो वाचावा, अंदाजपत्रक समजावून द्यावें, अर्जाची भाषा नीट करून द्यावी, आणि लोकवर्गणींत आपला रुपया गांवकऱ्यांच्या रुपयाशेजारीं ठेवावा. मात्र साऱ्या गांवाची वर्गणी एकट्यानेंच भरून टाकण्याचें औदार्य दाखवूं नये. तसें केल्यास नळ एकाचा होतो, गांवाचा होत नाहीं.