लांब ओढीचा बाण

जपानच्या ‘क्यूदो’ धनुर्विद्येत बाणाचे माप धनुर्धराच्या देहावरून ठरते. डावा हात बाजूस ताणून कंठमध्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर घ्यावयाचे, वर काही बोटे अधिक धरावयाची. प्रत्यंचा कानामागे जाते. बाण आखूड असला तर तो धनुष्याच्या आत येऊन हातातच शिरण्याचे भय. परंतु ही लांबी फुकट मिळत नाही. दांडी एक दशांशाने लांबली की तेवढ्याच भाराखाली तिचा बाक सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. सुटताना बाण लवतोच. फाजील लवला तर भरकटतो. म्हणून लांब ओढीला दांडी ताठ हवी किंवा टोक हलके. नवशिके मात्र धनुष्यालाच दोष देतात! बांबू निवडतानाच ताठ घ्यावा. तासून तो लवचीक होतो, ताठ होत नाही.