मुखावरील वांग आणि वार्धक्याच्या खुणा
(पळसदरी येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. उभा जन्म खडू झिजविण्यात गेलेले एक मॅट्रिक शिक्षक. तथापि ज्या विषयाची किंमत आमच्या घराने मोजली, त्यावर बोलण्याचा थोडासा अधिकार आम्हांस असावा. तो विषय म्हणजे चेहऱ्यावरील वांग, काळे डाग आणि सुरकुत्या.

हे सारे वयामुळे होते, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. आपल्या या पळसदरीच्या खाचरांत वर्षानुवर्षे भातलावणी केलेल्या एखाद्या साठीच्या बाईचे कपाळ व गाल पाहावेत आणि मग तिच्या दंडाची आतली बाजू पाहावी. कपाळ रापलेले व सुरकुतलेले, तर दंड मऊ व एकरंगी. वय दोहोंचे एकच, फरक उन्हाचा. आषाढात आभाळ भरून येते म्हणून ऊन नाही असे आपण मानतो, परंतु त्वचेस जून करणारे अतिनील किरण ढगांतूनही खाली उतरतात.

सुश्रुतसंहितेत ‘व्यंग’ हा क्षुद्ररोगांत गणला असून क्रोध व श्रम ही त्याची कारणे दिली आहेत. (श्रम म्हणजे उन्हातले, असे आम्ही आपले समजतो.) आजचे शास्त्र ऊन, गर्भारपण, संततिनियमनाच्या गोळ्या व आनुवंशिकता यांकडे बोट दाखविते.

आता घरची गोष्ट. आमच्या सौभाग्यवतींस चाळिशीत वांग आले. एका लग्नात कोणी नातलग बाईने त्यावरून टोमणा मारला आणि तो त्यांच्या जिव्हारी लागला. आम्ही दुसऱ्याच दिवशी औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीविना, एक ट्यूब आणली. महिनाभरात चेहरा असा उजळला की शेजारणी नाव विचारू लागल्या! आठ-नऊ महिन्यांनी त्वचा कागदासारखी पातळ झाली, गालांवर लाल शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली. मलम थांबवावे तर आग होई. लावावे तर विकार वाढे. त्वचारोगतज्ज्ञांनी विचारले, “हे कोणी दिले?” त्या काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे फक्त पाहिले.

त्या मलमात तीव्र स्टिरॉइड होते. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही नावे भगिनींनी ध्यानात ठेवावीत. २०१८ साली केंद्र शासनाने अशी चौदा स्टिरॉइडे चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधांच्या यादीत घातली. तरीही ती सहज मिळतात हे आपण जाणतोच.

याहून भयंकर वस्तू पारा. २०२३ च्या आरंभी अकोल्याच्या एका कुटुंबाची वार्ता वृत्तपत्रांत आली. एकाच घरातील तीन स्त्रियांनी गोरेपणाचे एकच क्रीम वापरले व तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या सहकार्याने शोध घेतला तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेतील रंगद्रव्य बनण्याची क्रियाच अडवितो, म्हणून चेहरा झटपट उजळतो; परंतु तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी नासवितो. लघवीस फेस येतो, पाय सुजतात. ज्या डबीवर घटकद्रव्ये नाहीत व कारखान्याचा पत्ता नाही, ती घरात आणूच नये.

मग करावे तरी काय? बाहेर पडताना छत्री, पदर किंवा रुंद काठाची टोपी, आणि एसपीएफ ३० वा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावलेले. वांग असणाऱ्यांस आयर्न ऑक्साइड घातलेले, किंचित मातकट रंगाचे सनस्क्रीन अधिक उपयोगी, कारण दृश्य प्रकाशानेही वांग गडद होते. हायड्रोक्विनोन डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक महिनेच लावावयाचे. सुरकुत्यांवर ट्रेटिनॉइन उपयोगी पडते. मात्र ते गर्भवतींनी वर्ज्य करावे. गुण येण्यास महिने लागतात, आणि ऊन लागले की वांग परतते. धूम्रपानाने सुरकुत्या लवकर पडतात, हे बंधूंनीही ऐकावे. बेसन-साय लावावयाची तर खुशाल लावा. लिंबू मात्र चोळू नये. त्याचा रस अंगावर असता ऊन लागले तर त्वचा भाजून उलट काळे डाग पडतात.

येथवर सभा शांतपणे ऐकत आहे. आता जे बोलणार ते कदाचित रुचणार नाही. आपल्या मंडळाच्या वधू-वर सूचीत ‘वर्ण’ असा एक रकाना आहे. अनेक वर्षे ती सूची आम्हीच आमच्या हस्ताक्षरात तयार केली. ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ असे शब्द आम्ही लिहीत गेलो. ‘सावळी’ लिहावयाची वेळ आली की मुलीचे वडील हळूच म्हणत, “गुरुजी, गव्हाळच लिहा ना.” आम्ही तसे लिहिलेही. वरांच्या बाजूस तो रकाना बहुधा कोराच राही आणि त्याबद्दल कोणी विचारीत नसे. दुकानातली ती ट्यूब कोण विकत घेते, याचे उत्तर आम्हांस त्या वहीतही सापडते.

सौभाग्यवतींच्या गालांवर आजही फिकट वांग आहे. शिरा पुष्कळ निवळल्या, सर्व नाहीत. आज त्या छत्री घेऊनच येथे आल्या आहेत व तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या अनुमतीनेच हे सांगितले.

‘वर्ण’ हा रकाना सूचीतून काढून टाकावा, असा ठराव आम्ही लेखी दिलेला आहे. दुपारच्या सभेत तो आठव्या क्रमांकावर येईल.