शाहीर साबळे आणि लोकगीताचें स्थलांतर

मुळशी तालुक्यांत, मोसे नदीच्या खोऱ्यांत, या शतकाच्या पहिल्या दशकांत लवासा नांवाचें नवें शहर उभें राहूं लागलें. इटलींतील पोर्टोफिनो बंदराचा नमुना पुढें ठेवून दासवे गांवाच्या परिसरांत रंगीत इमारती उठल्या. खेडें असें पालटतें, तेव्हां तेथील जात्यावरच्या ओवीचें काय होतें? या प्रश्नाचें एक उत्तर शाहीर कृष्णराव साबळे यांच्या चरित्रांत सांपडतें.

साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजीं वाईजवळच्या पसरणी गांवीं झाला. शिक्षणासाठीं ते अमळनेरास असतांना त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. पुढें मुंबई ही त्यांची कर्मभूमि झाली. १९६० सालीं त्यांचें ‘यमराज्यात एक रात्र’ हें मुक्तनाट्य रंगभूमीवर आलें. त्यांत तमाशाचा मोकळा ढंग आणि चालू काळावरील मार्मिक टीका एकत्र नांदत होती. त्याच वर्षीं १ मे रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळे यांचा खडा आवाज यांतून साकारलेलें ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हें गीत घरोघरीं पोंचलें. १९ फेब्रुवारी २०२३ पासून तें राज्यगीत झालें आहे.

परंतु साबळे यांची खरी कसोटी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमांत लागली. वासुदेव, वाघ्या-मुरळी, गोंधळी, कोळी हे सारे त्यांच्या संचानें तिकिटाच्या रंगमंचावर आणले. वासुदेव पहाटे दारीं येतो आणि दान मागतो. नाट्यगृहांत ना पहाट, ना दार, ना दान. गोंधळ हा कुळाचार. पडदा पडतांच तो संपावा हें त्याच्या मूळ धर्माशीं विसंगत. ही हानि खरीच आहे, ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. मात्र दुसरा पर्याय अस्सल अंगणाचा नव्हता, विस्मृतीचा होता. ज्या कुटुंबांचें अंगणच सुटलें, त्यांच्या मुलांनीं वासुदेवाची मोरपिसांची टोपी प्रथम या रंगमंचावरच पाहिली.

शिवाय हा संच म्हणजे एक शाळाच होती. अंकुश चौधरी, भरत जाधव व साबळे यांचे नातू केदार शिंदे हे याच संचांतून पुढें नाटक-चित्रपटांत गेले. पुत्र देवदत्त साबळे यांनीं शान्ता शेळके यांच्या ‘ही चाल तुरुतुरु’ या गीतास चाल दिली. जयवंत कुलकर्णी यांच्या आवाजांत तें तरुणांच्या ओठीं बसलें. लोकगीताच्या घरांतच अशा रीतीनें नव्या सुगम गीताचा जन्म झाला.

१९९८ मध्यें साबळे यांना पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजीं ते निवर्तले. २०२३ सालीं केदार शिंदे यांच्या ‘महाराष्ट्र शाहीर’ या चित्रपटांत त्यांची भूमिका अंकुश चौधरी यांनींच केली. गांवें पालटतात, अंगणें बुजतात. गाणें मात्र ज्याच्या कंठांत उतरतें, त्याच्याबरोबर पुढें चालतें.