माळवदावर माती वाढवू नका, पाण्याची वाट शोधा

(इस्लामपूर येथील बैठकीतील भाषण)



जत, आटपाडी, माण, खटावकडची मंडळी आज इथं आली आहेत. इस्लामपूरच्या उसाच्या पट्ट्यात बसून मी घराच्या गळतीवर बोलणार आहे. कारण आपल्या ज्वारी-कापसाचं गोदाम म्हणजे आपलं राहतं घर. भाव पडला म्हणून माल थांबवायचा, तर तो झोपायच्या खोलीतच ठेवावा लागतो. वरून गळायला लागलं की मिळेल त्या भावात काढावा लागतो.

माझंच सांगतो. एका वर्षी पहिल्या वेचणीचा कापूस आतल्या खोलीत रचला होता. रात्री परतीचा पाऊस झाला. सकाळी वर एवढासा डाग. हात घातला तर आत गंजी तापलेली! व्यापाऱ्यानं मूठभर दाबून पाहिला आणि भाव पाडला. सरकारी हमीभावाच्या खरेदीतही ८ टक्के ओलाव्यापर्यंतच पूर्ण भाव मिळतो. पुढं कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. हायब्रीड ज्वारी भिजली की काळी पडते, हे तुम्हाला सांगायला नको.

आपण रोहिणीत घर शाकारतो आणि मग विसरतो. पण आपल्या पूर्व भागात मोठा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो, आणि घरात माल येतो तोही तेव्हाच. दहा बाय वीस फुटांच्या खोलीवर एका रात्री ५० मिलिमीटर पाऊस झाला तर नऊशे लिटर पाणी पडतं. म्हणजे साडेचार पिंपं. म्हणून गणपती उठले की पुन्हा एकदा शिडी लावा.

आता माळवदाचं बघू. गळलं की आपण काय करतो? पाटीभर पांढरी माती आणून वर टाकतो. पुढच्या वर्षी आणखी. त्याच खोलीवर एक इंच मातीचा थर म्हणजे पाऊण टन ओझं, आणि भिजली की त्याहून जास्त. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडं काय झालं ते आठवा. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. त्याखाली हजारो माणसं गेली. आपणही कोयनेपासून लांब नाही, ११ डिसेंबर १९६७ चा धक्का जुन्या माणसांना विचारा.

तेव्हा आधी जुनी माती खरवडून काढा, मग तेवढीच नवी घाला. काळी माती नको, उन्हात भेगाळते. पांढरी माती भुसा घालून भिजवा, पसरा आणि धुमसानं ठोका. गवत उगवलं असेल तर मुळासकट उपटा. मूळ कुजलं की तिथं पाण्याला नळी तयार होते. उंदराची बिळं बुजवा. मग वर एक घागर पाणी ओता आणि कुठं जातं ते नीट बघा. पन्हळीकडं गेलं तर ठीक. तुंबलं तर तिथंच गळणार, कितीही माती टाका. पन्हळ भिंतीपासून हातभर पुढं काढा, नाहीतर छत वाचतं आणि भिंत फुगते.

पत्र्याचं सोपं आहे. भर दुपारी दारं-खिडक्या लावून आत बसा. उजेडाचे ठिपके दिसतील, तिथं खालून काठी लावा आणि वरच्या माणसाला खूण द्या. खिळा पत्र्याच्या उंचवट्यावर हवा, खोलगट पन्हाळीत नको. खाली डांबरी किंवा रबरी वायसर पाहिजेच. आणि एक ध्यानात घ्या, पाणी जिथं टपकतं तिथंच शिरतं असं नाही; आढ्यावरून वाहत चार हात लांब येतं.

स्लॅबवाल्यांनी एवढंच करावं : शंभर फुटांना एक फूट उतार, आणि कठड्याच्या कडेचा कोपरा सिमेंटनं गोल भरून घ्यावा. पाणी तिथूनच शिरतं.

वर चढताना पाय तुळईवरच ठेवा, आणि खाली शिडी धरायला कुणीतरी उभं करा. ज्यांच्या घरी वाळलेल्या तुळया वाळवीनं पोखरल्या आहेत त्यांनी आधी खालून टेकू द्यावा, मगच मातीला हात लावावा.