पुणे, नांदेड की कराड? बारावीनंतरचं शहर ठरवताना

मागच्या भागानंतर तुमचे जे व्हॉइस मेसेज आले, त्यातल्या निम्म्यांमध्ये एकच प्रश्न आहे: "दादा, बहिणीला पुण्याला टाकू का?" बहिणीच्या जागी कुठे भाऊ आहे, कुठे पुतण्या. पुणं मात्र सगळीकडे कायम. ब्रँच ठरलेली नाही, कॉलेज ठरलेलं नाही, पण शहर ठरलंय.

आजचा भाग मी मुद्दाम तुमच्यासाठी करतोय, म्हणजे घरातल्या त्या एका माणसासाठी, ज्याच्या फोनवर कॅपचा ऑप्शन फॉर्म भरला जाणार आहे. आई-बाबांना वेबसाइट उघडत नाही, बारावीवालीला टेन्शन आलंय, आणि सगळे तुमच्याकडे बघतायत. २०२५ला आमच्या घरात तो माणूस मी होतो. माझी भाची उदगीरची, बारावी सायन्स, सीईटी देऊन बसलेली. तिचीच गोष्ट सांगतो, म्हणजे हवेतल्या गप्पा नकोत.

दाजींचं म्हणणं स्पष्ट होतं. पुणे, कॉम्प्युटर, विषय संपला. ताईचं म्हणणं तितकंच स्पष्ट: नांदेड. दोन-अडीच तासांत पोरगी घरी येते, आजारी पडली तर जाता येतं. आणि भाची? ती काहीच बोलत नव्हती. "तुम्ही म्हणाल ते" एवढंच. आता बघा, सतरा-अठरा वर्षांची मुलगी असं म्हणते तेव्हा तिला मत नसतं असं नाही. ते मत या बैठकीत चालणार नाही, हे तिला माहीत असतं.

म्हणून मी तिला कॉलेजचं नावच विचारलं नाही. गच्चीवर बसलो आणि म्हटलं, बाई, चार वर्षांनंतरचं सोड, येत्या नोव्हेंबरमधला एक मंगळवार सांग. सकाळी कुठे उठलीस, कशाने कॉलेजला गेलीस, दुपारी काय करतेस, संध्याकाळी सातला कुठे आहेस? दहा मिनिटं लाजली, मग सुटली. तिला दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं नव्हतं. शेतावरच्या मोटारीचा स्टार्टर बिघडला की मेकॅनिकच्या आधी हीच उघडून बसते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण तेच इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग असतं, हे कुणी जोडलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट तिने एकदम हळू आवाजात सांगितली: "मामा, नांदेडला आपले नऊ नातेवाईक आहेत. दर रविवारी कुणी ना कुणी येईल बघायला."

म्हणजे आईला जे सोयीचं वाटत होतं, तेच मुलीला नको होतं.

आता पैशाचं बोलू. यावर घरात सगळ्यात कमी बोलणं होतं. दाजींचं किराण्याचं छोटं दुकान आणि थोडी सोयाबीनची शेती. "पोरीसाठी कितीबी लावू" हे वाक्य प्रेमाचं आहे, पण ते बजेट नाही. मी वही घेतली आणि पुण्यात ओळखीच्या तीन मुलींना फोन लावले. कर्वेनगर भागात तिघींच्या खोलीत एक कॉट सात हजार, दोन वेळची मेस छत्तीसशे, बस-रिक्षा बाराशे, आणि झेरॉक्स, रिचार्ज, औषध, चहा मिळून दीड हजार. झाले तेरा हजार तीनशे. करार अकरा महिन्यांचा असतो, म्हणून अकराने गुणलं: वर्षाला १,४६,३००. चार वर्षांचे ५,८५,२००, तेही भाडं एक रुपया वाढणार नाही असं धरून. यात कॉलेजची फी नाही आणि डिपॉझिटही नाही. शिवाय मेसवाल्याचा नियम पुण्यात राहिलेल्यांना माहीत असेल: रविवारी दुपारी फिस्ट आणि रात्री मेस बंद. महिन्याचे चार रविवार रात्री बाहेर खायचे, ते वेगळेच!

दाजी आकडा बघून गप्प झाले. पुणं महाग असतं हे त्यांना ठाऊक होतंच. पण आता त्याचा एक आकडा समोर होता.

आणि नेमका तेव्हाच एका एजंटचा फोन आला. कॉलेजचं नाव सांगत नाही. म्हणाला, कॉम्प्युटरची मॅनेजमेंट सीट आहे, आजच पन्नास हजार भरून बुक करा, कॅपची वाट बघाल तर हातची जाईल. दाजी पैसे पाठवायला निघाले होते. इथे एक गोष्ट नीट ऐका, जमलं तर हा भाग घरच्यांनाही ऐकवा. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय काढला: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शंभर टक्के शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ. पण ही सवलत कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशालाच आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ती गेली. आमची भाची ओबीसी, उत्पन्नाचा दाखला आठ लाखांच्या कितीतरी खाली. म्हणजे एजंटच्या एका फोनवर चार वर्षांची फीमाफी सोडून द्यायची होती. मी दाजींना एवढंच म्हटलं की पहिली फेरी लागू द्या, मग बघू. एजंटने पुढचे चार दिवस रोज फोन केला. पाचव्या दिवसापासून बंद. सीट बहुतेक गेली असावी!

माफी शिक्षण आणि परीक्षा फीची आहे. हॉस्टेल आणि मेस आपल्यालाच बघायचं असतं. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, मराठा आणि इतर काही गटांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, तुमच्या कुठल्या लागू होतात ते बसून वाचा. आणि खासगी कॉलेजची मंजूर फी किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर असतं. काउंटरवर सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा.

मग शहरं बघितली. माझा एकच आग्रह होता की रविवारी जायचं नाही. रविवारी कॉलेज म्हणजे फक्त गेट आणि बाग. मंगळवार-बुधवारी जा, लॅबच्या दारातून आत डोकवा. मशीनवर कव्हर आहे आणि कव्हरवर धूळ आहे, तर ते मशीन फोटोसाठी आहे. विचारायचं असेल तर फर्स्ट इयरवाल्यांना विचारू नका, ते अजून खूश असतात. थर्ड इयरच्यांना गाठा. प्रॅक्टिकल खरंच होतात का, शिकवणारे सर वर्षभर टिकतात का, लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत, हॉस्टेलचं गेट कधी बंद होतं. आणि मुलीबरोबर गेला असाल तर संध्याकाळी सात वाजता हॉस्टेल ते कॉलेज रस्ता पायी चाला. दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, रिक्षा थांबते का.

प्लेसमेंटबद्दल थोडक्यात. फ्लेक्सवर छापतात तो एका पोराचा आकडा असतो. जी कॉलेजं एनआयआरएफमध्ये भाग घेतात, त्यांनी भरलेली माहिती पीडीएफमध्ये मिळते. किती मुलं पास झाली, त्यातली किती नोकरीला लागली, आणि मधला पगार किती, म्हणजे मीडियन. फ्लेक्स बघून झाला की ते उघडा.

मुंबईवाल्यांचं गणित वेगळं आहे, तेही सांगतो. माटुंग्याला व्हीजेटीआय आणि आयसीटी, अगदी जवळजवळ. संस्था म्हणून उत्तमच. पण तुम्ही विरारहून किंवा बदलापूरहून रोज येणार असाल तर ट्रेनचे तास धरूनच आठवडा मोजा. पास विद्यार्थी सवलतीत मिळतो, वेळ मिळत नाही. आणि जी मंडळी नुसत्या बीएसाठी पुण्याला निघालीत, कारण पेठेत अभ्यासिका आहेत आणि पुढे एमपीएससी करायची आहे, त्यांना माझं म्हणणं पटणार नाही. पण पदवीची तीन-चार वर्षं जिल्ह्याच्या चांगल्या कॉलेजात काढून मग पेठेत जाता येतं. सदाशिव पेठ तोवर कुठे पळून जात नाही.

परत भाचीकडे. आम्ही मागच्या वर्षाची कट-ऑफ यादी उघडली. ती पीडीएफ पहिल्यांदा बघणारा घाबरतोच. सगळी अक्षरं अक्षरंच! जीओपीईएनएच, एलओपीईएनएस वगैरे. सोपं आहे. पहिलं जी म्हणजे जनरल, एल म्हणजे मुलींची जागा. मधे प्रवर्ग. शेवटी एच असेल तर ती जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांची, ओ म्हणजे बाहेरच्यांची, एस म्हणजे राज्यस्तराची. उदगीर येतं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात. त्यामुळे एकाच कॉलेजची कुठली ओळ आपली, हे आधी ठरवा, मग टक्केवारी बघा. नाहीतर माणूस भलत्याच ओळीकडे बघून रडतो.

पत्ता पण नीट वाचा बरं का. अवसरीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज चांगलं आहे, पत्त्यात जिल्हा पुणे आहे. पण ते मंचरजवळ, आंबेगाव तालुक्यात. दाजी आनंदाने म्हणाले, "हे बघा, पुण्यात सरकारी!" मी नकाशा दाखवला.

यादीवर दोन रात्री भांडण झालं. शेवटी असं ठरलं: पहिलं सांगलीचं वालचंद, इलेक्ट्रिकल. दुसरं कराडचं शासकीय, इलेक्ट्रिकल. तिसरं नांदेडचं एसजीजीएस, इन्स्ट्रुमेंटेशन. मग अवसरी, आणि पुण्यातली दोन खासगी कॉलेजं, दाजींसाठी. कराड कुणाच्याच मनात नव्हतं. ते आलं ते भाचीच्या मंगळवारातून: सरकारी कॉलेज, आवारातलं हॉस्टेल, खर्च आवाक्यात, आणि नातेवाईक शून्य. ताई म्हणाली, "इतक्या लांब?" भाची पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली: "आई, पुणंपण लांबच आहे. पप्पांना ते चालतं, कारण लोकांना सांगता येतं." खोलीत एकदम शांतता. दाजी उठून दुकानात गेले. रात्री आले आणि म्हणाले, भरा फॉर्म.

फॉर्म भरताना क्रम आवडीचा लावा, कट-ऑफचा नाही. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हुकत नाही. पण २०२५पासून एक नियम कडक झालाय: पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एक मिळाली की सीट आपोआप फ्रीझ होते. पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून वरच्या तीन जागांवर "बघू, मिळालं तर" असलं काही टाकू नका. यंदाची माहितीपुस्तिका निघाली की हे पान आधी वाचा, नियम बदलू शकतात.

भाचीला पहिल्या फेरीत नांदेड लागलं. ताई पेढे घेऊन आली. तिसरी पसंती असल्याने पुढे जाता येत होतं, भाची पुढे गेली. दुसऱ्या फेरीत कराड लागलं आणि तिथेच फ्रीझ झालं. हॉस्टेलची यादी लागेपर्यंत तीन आठवडे बाहेर कॉटवर काढले. उदगीरहून जायचं म्हणजे अख्खा दिवस एसटीत जातो. तिकीट अर्धं लागतं, महिलांना २०२३पासून निम्मी सवलत आहे ना. ताई अजून दर शनिवारी म्हणते, नांदेड बरं होतं. म्हणू दे.

जाता जाता एक काम सांगतो, ते आजच करा. जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर काढलंय का बघा, आणि नॉन-क्रिमिलेअरवरची ३१ मार्चची तारीख कुठल्या वर्षाची आहे ते तपासा. सेतू केंद्रात जूनमध्ये काय गर्दी असते, हे मी सांगायला नको. पुढच्या भागात हॉस्टेलचा अर्ज आणि भाडेकरार, डिपॉझिट परत कसं मागायचं त्यासकट. भेटू.