लेकरू जेवत नाही? ताट नको, तक्ता बघा

कोणी बसमध्ये, कोणी भांडी घासता घासता, कोणी लेकराला झोपवून अंधारात एका कानात इअरफोन घालून ऐकत असेल.

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आजचा विषय आमच्या खामगावच्या घरातला आहे. माझी मुलगी वीस महिन्यांची आहे. तिला आपण इथे चिऊ म्हणू. आणि गेले काही महिने आमच्या घरात एक वाक्य दिवसातून किमान दहा वेळा ऐकू येत होतं: "लेकरू काही खातच नाही बाप्पा!"

तुमच्या घरी दीड-दोन वर्षांचं लेकरू असेल तर पुढचं चित्र तुम्हाला सांगायची गरज नाही. आजी वाटी घेऊन मागे, बायको चमचा घेऊन पुढे, आणि मी मोबाइलवर गाण्याचा व्हिडिओ लावून मधे उभा. तोंड उघडलं की घास आत. हा काऊचा, हा चिऊचा, हा बाबाचा. चाळीस-पन्नास मिनिटं. एका संध्याकाळी तिने तोंड फिरवलं, तरी आम्ही अजून दोन घास कोंबले. तिने सगळं उलटून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून चमचा दिसला की ती दोन्ही हातांनी तोंड झाकायला लागली.

त्यात बोलणी सुरू झाली, आणि ती सगळी बायकोच्याच वाट्याला. "काहून, दूध पुरत नाही काय तिले?" "तुम्ही दोघं बारीक, म्हणून पोरगी बारीक." मला कोणी काही विचारत नव्हतं. ती मात्र रात्री मुलीचे पाय हातात धरून बघत बसायची, कालपेक्षा बारीक झाले का म्हणून.

मग मी काय केलं? इंजिनिअर माणूस, शीट उघडली. चौदा दिवस प्रत्येक जेवण लिहिलं. सकाळी किती घास, दुपारी किती, रात्री किती. पाच घासांपेक्षा कमी असेल तर तो चौकोन लाल. चौदा दिवसांनी शीट बघितली तर अर्धी लाल. माझी झोप उडाली.

बायकोने ती शीट एकदाच बघितली आणि म्हणाली, "यात बाबांचा चहा-बिस्कीट कुठे आहे?"

खरंच नव्हता. सकाळी ओसरीवर आजोबा चहात बुडवून दोन बिस्किटं देतात. शेजारच्या काकू पोळीचा तुकडा देतात. दुपारी केळं. दिवसातून तीनदा दुधाची बाटली, आणि रात्री आईचं दूध वेगळं. मी फक्त ताटातलं मोजत होतो. अर्ध्या नोंदी गायब असलेल्या डेटावरून मी निष्कर्ष काढून बसलो होतो. ऑफिसात कोणी असं केलं असतं तर मीच त्याला ऐकवलं असतं.

त्या आठवड्यात अंगणवाडीत वजनाचा दिवस होता. एरवी बायको किंवा आई जायची, या वेळी मी गेलो. ताईंनी चिऊला काट्यावर ठेवलं, आकडा फोनवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरला. मी माझी कहाणी सुरू केली: अमुक घास, तमुक घास. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माता-बाल कार्ड मागितलं. त्यात वजनाचा आलेख असतो. पहिल्या वाढदिवसाला ७.९ किलो. दीड वर्षाला ९.१. आणि आज ९.४. ताई बोट फिरवत म्हणाल्या, "रेघ वर चालली ना? मग ताटात काय पाहता, इथं पाहा."

घरी येऊन मी तो तक्ता नीट वाचला, आणि मला जे आधीच कळायला हवं होतं ते तेव्हा कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार मुलींचं मधलं वजन जन्मताना ३.२ किलो असतं आणि तीन महिन्यांना ५.८. म्हणजे तीन महिन्यांत २.६ किलो वाढ. आता पुढे बघा. एका वर्षाला ८.९ आणि दोन वर्षांना ११.५. किती झाले? पुन्हा २.६ किलो. जेवढं वजन पहिल्या तीन महिन्यांत वाढतं, तेवढंच वाढायला दुसरं अख्खं वर्ष लागतं. मुलग्यांचंही साधारण असंच, दुसऱ्या वर्षात ९.६ वरून १२.२.

म्हणजे वाढीचा वेग कमी होतो, म्हणून भूकही त्या मानाने कमी वाटते. बरोबर याच वयात लेकरू चालायला लागतं, नाही म्हणायला शिकतं, आणि जेवणापेक्षा मांजर जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याला मात्र सहा महिन्यांपूर्वीचं, आ वासून बसणारं बाळ आठवत असतं.

आणखी एक गोष्ट. वर्षाला २.६ किलो म्हणजे महिन्याला साधारण दोनशे ग्रॅम. एक पेला दूध प्यायलं तरी तेवढं वजन तात्पुरतं वाढतं, आणि शी-शू झाली की कमी होतं. म्हणून रोज किंवा आठवड्याला वजन करून घाबरण्यात अर्थ नाही. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच काट्यावर, कमी कपड्यांत. आणि एका आकड्याकडे नाही, रेघेच्या दिशेकडे बघायचं.

काही जण म्हणतील, हा तक्ता परदेशी मुलांचा, आपली मुलं बारीकच असतात. तसं नाही. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या मुलांची मापं घेतली होती: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. त्यावरून २००६ मध्ये हे तक्ते आले. आणि त्यात एकच "बरोबर" वजन नाही, पट्टा आहे. दीड वर्षाची मुलगी ८.१ किलोची असो की १३ किलोची, दोघी त्या पट्ट्यात बसतात. आमची चिऊ मधल्या रेघेच्या खालच्या रेघेवर आहे, पण वर्षभर त्याच रेघेवर चालली आहे. ती तिची रेघ.

मग एका जेवणाला दोन घास आणि दुसऱ्याला वाटीभर, हे काय? यावर लीअन बर्च आणि सहकाऱ्यांचा १९९१ चा एक अमेरिकन अभ्यास आहे. दोन ते पाच वर्षांची पंधरा मुलं, सहा दिवस, खाल्लेलं सगळं मोजलं. एकेका जेवणातल्या कॅलरीत सरासरी ३४ टक्के चढउतार, पण दिवसाच्या बेरजेत फक्त १० टक्क्यांच्या आसपास. सकाळी कमी खाल्लं तर पुढे कुठेतरी भरून काढतात. अभ्यास लहान आहे, मुलंही चिऊपेक्षा मोठी, पण माझ्या लाल चौकोनांचं उत्तर मला त्यात मिळालं.

आता थांबा. एपिसोड इथेच संपवून "बघ, मी म्हणत नव्हतो, काही होत नाही" असं कोणी आईला ऐकवू नका. कारण त्याच दिवशी, त्याच अंगणवाडीत अजून एक गोष्ट घडली.

आमच्यामागे एक बाई मुलाला घेऊन उभ्या होत्या. कपाशी वेचायला जाणाऱ्या. त्याही म्हणाल्या, "खात नाही." तेच दोन शब्द. ताईंनी त्याच्या दंडाला मोजपट्टी लावली. पट्टी पिवळ्यावर आली. त्या बाई सकाळी सातला निघतात, दिवसभर पोरगं सात वर्षांच्या बहिणीजवळ असतं. तिथे प्रश्न नखऱ्यांचा नव्हता. दिवसातून तीन-चार वेळा भरवणारं मोठं माणूस घरात नव्हतं. आमच्याकडे एका लेकरामागे चार मोठी माणसं धावत होती आणि त्या पोराजवळ एकही नव्हतं.

महाराष्ट्रात हे थोडंथोडकं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि ३६ टक्के कमी वजनाची निघाली. आपल्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाला जन्मलेल्या जिजाऊंच्या नावाने २००५ मध्ये राज्याने माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं, ते याच प्रश्नासाठी. गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांवर एवढा भर का असतो? कारण तेव्हा खुंटलेली वाढ नंतर भरून काढणं फार अवघड जातं.

म्हणून काळजी चुकीची नाही. काळजीची मोजपट्टी चुकीची असते. घास मोजून ना आमची भीती गेली असती, ना त्या पोराचा धोका दिसला असता. दोन्ही कळलं ते काट्यावर आणि दंडाच्या पट्टीवर.

मग आम्ही घरी काय बदललं? पाच गोष्टी सांगतो.

एक, मोबाइल बंद. पहिले तीन दिवस भयंकर गेले, हे प्रामाणिकपणे सांगतो. मग ती आमच्यासोबत खाली पंगतीत बसायला लागली.

दोन, वेळा ठरवल्या. तीन जेवणं आणि मधे एक-दोन वेळा खाऊ, दरम्यान दोन-अडीच तास काही नाही. चहा-बिस्कीट बंद. आजोबा दोन दिवस रुसले. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे डॉक्टरांकडून वदवून घेतलं तेव्हा पटलं. दुधाची बाटलीही गेली. आता दिवसाला दोन छोटे पेले. वरचं दूध अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं की पोट त्यानेच भरतं, आणि दुधात लोह अगदी कमी. राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आहे, हे त्याच पाहणीत आहे.

तीन, कमी वाढायचं पण घट्ट वाढायचं. वरणाचं पाणी नाही, घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी, वर चमचाभर तूप किंवा तेल. शेंगदाण्याचा बारीक कूट, अंडं, पालक घातलेली खिचडी. लहान पोट, म्हणून प्रत्येक घासात दम हवा. आणि अख्खा शेंगदाणा, फुटाणा, द्राक्ष या वयात देऊ नका. श्वासनलिकेत अडकतं.

चार, नवीन भाजी एकदा थुंकली म्हणजे नावडती झाली असं नाही. आठ-दहा वेळा, थोडी थोडी, आग्रह न करता समोर ठेवायची. वांग्याने आमच्याकडे सातव्या वेळी विजय मिळवला.

पाच, आणि हे सगळ्यात अवघड. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत. त्यांचं म्हणणं सोपं आहे: काय, कधी आणि कुठे द्यायचं ते आईबापाने ठरवावं, किती खायचं ते लेकराने. वीस मिनिटं झाली, तोंड फिरवलं, की ताट उचला. रागावू नका, "एक घास माझ्यासाठी" म्हणू नका. पुढचं जेवण दोन तासांवर आहे. लेकरू मात्र आपलं आपण खात असलं तरी जवळ बसा, बोला, मदत करा.

आता डॉक्टरांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात कधी जायचं, हे नीट ऐका. दोन-तीन महिने वजन वाढलंच नाही, किंवा रेघ खाली वळली. दंडाची पट्टी पिवळी, म्हणजे घेर साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी. लाल, म्हणजे साडेअकरापेक्षा कमी असेल तर उद्यावर ढकलू नका. दोन्ही पायांवर सूज. लेकरू मलूल, खेळत नाही. लघवी कमी. गिळताना वारंवार ठसका. जुलाब किंवा ताप लांबलेला. माती खातं, पांढरं फटक दिसतं. यातलं काहीही असेल तर इंटरनेट नको, माझा पॉडकास्टही नको. थेट जा. गंभीर कुपोषणासाठी पोषण पुनर्वसन केंद्रं आहेत, अंगणवाडीच्या ताई किंवा आशाताई तिथवर पोचवतात. आणि तिथे जाण्यात लाज कसली?

मागच्या महिन्यात चिऊचं वजन पुन्हा झालं. ९.६. दोनशे ग्रॅम. तिने काल रात्री जेमतेम चार घास खाल्ले आणि उठून गेली. आई सवयीने म्हणाली, "सकायपासून काहीच खाल्लं नाही पोरीनं." बायको हसली आणि म्हणाली, "आई, पंधरा तारखेला वजन आहे, तेव्हा पाहू."

ती शीट मी डिलीट केली. तिच्या जागी फ्रिजवर ते कार्ड लावलंय. महिन्याला एक टिंब.

तर मंडळी, आज एकच काम. घरातलं माता-बाल कार्ड शोधा आणि शेवटचं टिंब कधीचं आहे ते बघा. दोन महिन्यांपूर्वीचं असेल तर या महिन्यात लेकराला घेऊन अंगणवाडीत जा. आणि या वेळी बाबांनो, तुम्ही जा. भेटूया पुढच्या भागात.