हेरल्डचा रेखाकार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



आम्ही कलाशाखेचे पदवीधर. हयात केंद्र सरकारच्या फायलींत गेली. यंत्रविद्येचा आम्हांला गंध नाही. तरीही आज एका मोटारीच्या रेखाकाराविषयी बोलण्याचे धाडस करीत आहोत. त्यास कारण आमचे काका. ते मद्रासेस नोकरीला होते आणि त्यांच्यापाशी एक स्टँडर्ड हेरल्ड होती. तिचे बॉनेट उघडले की मडगार्डांसह गाडीचे सारे तोंडच पुढे कलंडे आणि काका खुशाल पुढच्या चाकावर बसून प्लग साफ करीत. आम्हां मुलांना वाटे, गाडी मद्रासची. काका म्हणत, विलायती. दोन्ही खरे होते. परंतु तिचे रूप कागदावर उतरविणारा हात इटलीतील तूरिन शहराचा होता, हे आम्हांस फार उशिरा कळले.

त्या गृहस्थाचे नाव जोव्हान्नी मिकेलोत्ती. जन्म 6 ऑक्टोबर 1921. पंधरा-सोळाव्या वर्षी तो ‘स्ताबिलिमेंती फारिना’ या कारखान्यात उमेदवारीस लागला. पत्रा ठोकून मोटारींचे सांगाडे सजविणाऱ्या कारागिरांचे ते मोठेच गुरुकुल होते. पिएत्रो फ्रुआ तेथे आरेखन पाहत असे. जगविख्यात पिनिन फारिना हा या कारखान्याच्या संस्थापकाचा धाकटा भाऊ. रेषा कितीही डौलदार असली तरी ती हातोडीखाली उतरली पाहिजे, हा धडा मिकेलोत्तीला येथेच मिळाला असावा. 1949 साली त्याने स्वतःची कचेरी थाटली आणि विन्याले, आलेमानो आदी कारखान्यांसाठी तो चित्रे काढू लागला. विन्यालेकडे घडलेल्या कित्येक फेरारी गाड्यांचे रूप त्याचेच; गाडीवर बिल्ला मात्र विन्यालेचा. टिपणी एकाने लिहावी आणि खाली सही दुसऱ्याची असावी, हा प्रकार आम्हां सरकारी नोकरांच्या चांगलाच परिचयाचा आहे!

आता हेरल्डची कथा. इंग्लंडातील स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला तिच्या गाड्यांचे सांगाडे पुरविणारा फिशर अँड लडलो हा कारखाना 1953 मध्ये बीएमसी या प्रतिस्पर्धी कंपनीने गिळंकृत केला. तेव्हा नव्या गाडीस स्वतंत्र चॅसी द्यावयाची आणि अंगाचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी बनवून बोल्टांनी जोडावयाचे, असे ठरले. रूप मात्र काही केल्या जमेना. अखेर अभियंता हॅरी वेब्स्टर तूरिनला गेला आणि मिकेलोत्तीने काही मिनिटांतच कागदावर गाडी उभी केली, असे सांगतात. एप्रिल 1959 मध्ये हेरल्ड बाजारात आली. सुमारे पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती वळे. मद्रासच्या गल्लीबोळांत काकांना तिच्या या गुणाचे फार कौतुक! जुळणीतील अडचण झाकण्याऐवजी तिचेच त्याने रूप केले. आमच्या मते त्याची थोरवी येथे आहे.

त्याच वर्षी बीएमडब्ल्यू कंपनी विकली जाण्याच्या बेतात होती. तिला तारणाऱ्या ‘700’ या छोट्या गाडीचे मूळ आरेखनही मिकेलोत्तीचेच. ती एक लाख ऐंशी हजारांवर खपली. हॉलंडची डाफ, जपानची हिनो काँतेसा, ही त्याचीच आणखी अपत्ये. त्याच्या स्पिटफायरचा नमुना तर कोव्हेंट्रीच्या कारखान्यात एका कोपऱ्यात झाकून पडला होता. 1961 मध्ये लेलँडने कंपनी घेतली, नव्या अधिकाऱ्यांनी तो पाहिला, आणि 1962 पासून 1980 पर्यंत तीन लाखांहून अधिक स्पिटफायर रस्त्यावर आल्या. धूळ खात पडलेली फाईल योग्य टेबलावर पोहोचल्याचे असे उदाहरण आम्ही आमच्या नोकरीत तरी पाहिलेले नाही.

मद्रासला हेरल्ड 1961 पासून तयार होऊ लागली. पुढे आपल्याकडे कुटुंबे मोठी म्हणून तिला चार दारे बसविण्यात आली. अशी हेरल्ड इंग्लंडात कधीच निघाली नाही. इंग्लंडात हेरल्ड 1971 मध्ये बंद झाली, पण तिचे ‘गॅझेल’ नावाचे भारतीय रूप त्यानंतरही काही वर्षे मद्रासेत बनत होते.

मिकेलोत्ती 23 जानेवारी 1980 रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवर्तला. त्याने रेखाटलेली रिलायंट कंपनीची एक छोटी स्पोर्ट्स गाडी 1984 मध्ये बाजारात आली. ती पाहण्यास तो नव्हता. काकांनी निवृत्तीनंतर गाडी विकली आणि ते गावी परतले. ती कोणी काढली, हे त्यांना सांगावयाचे मात्र आमच्याकडून राहून गेले.